पुढच्या तारखांचं रजिस्टर

हे सांगायचं मी आजवर टाळलं. टाळायला कष्टही पडले नाहीत, कारण मला कुणी विचारलंच नाही. बायकोला अर्धवट माहीत होतं, मुलांना तेवढंही नाही, आणि ज्यांना सगळं माहीत होतं ते आपापल्या वाटेने पांगले. पण मागच्या महिन्यात गावच्या शाळेत मला निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक म्हणून बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं आणि माइकवरून माझ्याविषयी ‘नव्या पिढीला घडवणारे’ असं काहीतरी म्हटलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या नव्या पिढीतल्या एका मुलीचं मी काय केलं, ते आता लिहून ठेवतो.

खात्यातून निवृत्त होऊन मला सात-आठ वर्षं झाली होती. कोरोना ओसरला तेव्हा जिकडेतिकडे माणसं कमी पडत होती, म्हणून प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मला मानधनावर परत बोलावलं. कोल्हारपासून फार लांब नाही. केंद्राचं नाव लिहीत नाही. मला कामं दोन. साथरोगांची रजिस्टरं सांभाळायची, आणि शिकायला येणाऱ्या मुलांना शिकवायचं. दुसरं काम मला आवडायचं. घरी कुणी माझं ऐकत नव्हतं, इथे मुलं वहीत उतरवून घ्यायची.

त्या वर्षी दोघं आली. नगरमधल्या एका खासगी संस्थेत स्वच्छता निरीक्षकाचा वर्षाचा कोर्स होता, त्यातले शेवटचे सहा महिने आमच्यासारख्या केंद्रात प्रत्यक्ष कामाचे. सहा महिने पुरे झाल्याचं प्रमाणपत्र केंद्राने द्यायचं. ते नसेल तर संस्था परीक्षेला बसू देत नसे, म्हणजे अख्खं वर्ष वाया.

एक मुलगा काष्टीचा. बोलका, घरची थोडी शेती, बाजाराच्या दिवशी हमखास दांडी. दुसरी ही मुलगी. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. तीही बारावीपर्यंत निम्मी वर्षं फडावरच वाढलेली. पहिल्या दिवशी मी दोघांना विचारलं, या लाइनीत का आलात?

मुलगा म्हणाला, “सर, पोलीस भरतीत उंची कमी भरली.”

तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, “लॉकडाऊनला आमी फडावरच अडकलो हुतो सर. तवा एक सिस्टर आली, रजिस्टर घिऊन. सगळ्यांची नावं लिवली. माजं आजपत्तर कारखान्यावर कुनी नाव लिवलं नव्हतं. मुकादमाच्या वहीत बाबाचं नाव आसतं, आमचं न्हाई.”

मुलगा हसला. “आता तू लिव सगळ्यांची. मुकादमीणबाई!”

तेव्हापासून तिला ते नाव पडलं. ती रागावत नसे. “मग तू माज्या टोळीत हायेस. उचल कोयता,” म्हणायची.

मी दोघांना काय शिकवलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. पाण्याची ओटी टेस्ट शिकवली. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे, पाणी पिण्यालायक. आपण त्याला पॉझिटिव्ह लिहितो. रंग नाही आला तर निगेटिव्ह. गावोगाव रोज ही टेस्ट करायची आणि रजिस्टरात तारखेसमोर लिहायची. हे शिकवल्यावर चहा घेता घेता मी दुसरंही शिकवलं. खिशात पेनं दोन ठेवायची, एक निळं, एक काळं. रजिस्टर मागे राहिलं तर एका बैठकीत भरताना मधूनमधून पेन बदलायचं, म्हणजे रोजच्या रोज भरल्यासारखं दिसतं. तालुक्याची आढावा बैठक पंचवीस तारखेला असायची. महिन्याचा अहवाल तेव्हाच द्यावा लागे, म्हणून महिना संपायच्या आधीच रजिस्टर एकतीसपर्यंत भरून ठेवायची आमची रीत होती. मला माझ्या साहेबांनी अशीच शिकवली होती. मी ती हसत हसत सांगितली, जसा एखादा गवंडी ओळंबा कसा धरायचा ते सांगतो.

मुलाने लगेच दुसरं पेन आणलं. तिने आणलं नाही.

दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला आणि ओढ्याच्या पलीकडे ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. बांबू, चटया आणि प्लास्टिकच्या कागदाच्या, शे-सव्वाशे. तिथे जायला कुणी तयार नसे. तिने मागून घेतलं. तोडकरी अंधारातच फडात जातात, म्हणून ती पहाटे पाचला सायकलवर तिथे पोहोचायची. दोन आठवड्यांत तिने प्रत्येक कोपीतली माणसं लिहून काढली. कोण गरोदर, कुठल्या लेकराचं कोणतं इंजेक्शन राहिलंय, कुणाला टीबीच्या गोळ्या गावाकडे चालू होत्या आणि इथे आल्यावर सुटल्या. तशी यादी पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून झाली नव्हती. मी ती बैठकीत दाखवली. वरिष्ठांनी मान डोलावली. यादी कुणी केली हे मी सांगितलं, पण जरा हळू आवाजात.

जानेवारीत एक दिवस ती नळी हातात घेऊनच माझ्या टेबलाशी आली.

“सर, कोप्यांवरची टाकी चार दिस झालं निगेटिव्ह येतीया.”

त्या टाकीत टँकरने पाणी यायचं. टाकीत ब्लीचिंग पावडर कुणी टाकायची यावर ग्रामपंचायत कारखान्याकडे बोट दाखवायची आणि कारखाना ग्रामपंचायतीकडे.

“आपली पावडर टाक,” मी म्हटलं.

“टाकली की सर. स्टोअरातनं नेली, तुमी सांगितली तशी कालवली, अर्धा तास थांबले. थेंबभर पिवळं न्हाई झालं. पावडर मेलीया सर.”

पावडर मेलेली होती हे मला ठाऊक होतं. पावसाळ्यात स्टोअरमध्ये पाणी गळलं होतं आणि गोण्या उघड्या राहिल्या होत्या. ब्लीचिंग पावडर उघडी राहिली की तिच्यातला दम जातो. स्टोअरची चावी माझ्याकडे होती. नवीन साठा मागवायचा तर जुना खराब का झाला हे लिहून द्यावं लागलं असतं, आणि माझं मानधनाचं पत्र दर तीन महिन्यांनी नवीन व्हायचं.

“बघतो,” मी म्हटलं. “पत्र लिहितो आज.”

ते पत्र मी लिहिलं नाही. आज नाही, उद्या. ती रोज विचारायची, “पत्र गेलं का सर?” आणि मी रोज “हो, निघतंय” म्हणायचो. मधल्या काळात ती कोप्यांवरच्या बायकांना पाणी उकळून प्या म्हणून सांगत फिरत होती. एक बाई तिला म्हणाली म्हणे, “बाय, भाकरीपुरतं सरपन मिळंना, पानी कशावं उकळू? तुज्या रजिस्टरावं?” हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना ती हसली. मीही हसलो.

तेवीस तारखेला मी अहवालासाठी रजिस्टर मागितलं. तिच्या रजिस्टरात बारा तारखेपर्यंत खऱ्या नोंदी होत्या, पुढची पानं कोरी. पत्र जाईपर्यंत निगेटिव्ह कसं लिहायचं म्हणून तिने टेस्टचे निकाल स्वतःच्या वहीत ठेवले होते.

“भर सगळं. पॉझिटिव्ह.”

“सर, पर निगेटिव्ह हाय.”

“तालुक्याला निगेटिव्ह गेलं तर उद्या सगळे इथे येऊन बसतील. पाणी सुधारणार नाही, आपण मात्र लटकू. मी पत्र लिहितोय ना? चार दिवसांत पावडर येईल, मग होईलच पॉझिटिव्ह.”

ती उभीच राहिली. मग म्हणाली, “चोवीसपास्नं एकतीस तर अजून यायचेत सर.”

“आले समज. लिही, मी आहे ना.”

माझ्याच खिशातली दोन पेनं मी तिच्यासमोर ठेवली. ती खाली बसून लिहायला लागली. अक्षर फार सुरेख होतं तिचं, प्रत्येक ओळीत ‘पॉझिटिव्ह’ सारख्याच मापाचं. पेन बदलायला ती विसरत होती, मी आठवण करत होतो. शेवटच्या रकान्यात तिने प्रत्येक तारखेसमोर स्वतःची सही केली. पर्यवेक्षकाच्या रकान्यात मी सही करायची असते. मी म्हटलं, सगळ्या गावांच्या एकदमच करतो. माझी सही राहून गेली. मुद्दाम राहू दिली का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर नको तेच येतं.

सत्तावीस तारखेला सकाळी कोप्यांवरून पहिला टेम्पो आला. जुलाब, उलट्या. दहा वाजेपर्यंत व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एकाच खाटेवर दोन-दोन लेकरं, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगलेल्या. त्या दिवशी केंद्र कुणी सांभाळलं असेल तर तिने. कोण कुठल्या कोपीतलं, घरी अजून कोण आजारी आहे, कुणाला पाळण्यात टाकून आई इकडे आलीय, सगळं तिला तोंडपाठ होतं. तिची यादी हातात घेऊन डॉक्टर एकेकाला तपासत गेले. काष्टीचा मुलगा ओआरएसची पाकिटं फोडून बादलीत कालवत होता. तिने त्याला ओरडून सांगितलं, “आरं बादलीभर नगं, लिटरला येक! टोळीतनं काढीन तुला!” तेवढ्या धांदलीतही दोन बायका हसल्या.

कुणी दगावलं नाही. हे मी मनाशी फार वेळा म्हटलं आहे, जणू त्याने काही फिटतं.

दुपारी जिल्ह्याहून अधिकारी आले. त्यांनी टाकीचं पाणी स्वतः तपासलं. पिवळं झालं नाही. मग रजिस्टर मागितलं. मुलाने धावत जाऊन आणून दिलं, त्याला बिचाऱ्याला काही कल्पना नव्हती. साहेबांनी पान उघडलं, बोट खाली नेत नेत थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आज किती तारीख?”

त्यांनी स्वतःच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“इथे तर एकतीस तारखेलाही पाणी चांगलं आहे. ज्योतिषी कोण तुमच्यातला?”

एकजण हसला. सह्या तिच्या होत्या. साहेबांनी तिला बोलावलं. तिचे हात ओले होते, ते ओढणीला पुसत ती आली.

“हे तू लिहिलंस?”

“व्हय सर. मी लिवलं.”

“कुणी सांगितलं लिहायला?”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत गुरुजींनी पुढचं वाक्य सांगावं म्हणून मुलं पाहतात तसं. ती माझी वाट पाहत होती. मी खिडकीकडे पाहिलं, सलाईनची एक बाटली संपत आली होती, आणि ती बदलायला मी उठलो. उभ्या आयुष्यात मी सलाईन बदलली नव्हती. ते माझं कामच नव्हतं.

मग जबाब लिहून घेतले. माझा जबाब मी माझ्या हाताने लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून जसंच्या तसं पाठ आहे. ‘सदर प्रशिक्षणार्थीस नोंदी प्रत्यक्ष तपासणीनंतरच घेण्याबाबत वेळोवेळी सूचना देण्यात आल्या होत्या.’ खात्याची भाषा फार सोयीची असते. तिच्यात कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होत असतं. पावडरीविषयी मला कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. तिची स्वतःची वही, जिच्यात रोजचा निगेटिव्ह निकाल लिहिलेला होता, तिने दाखवली नाही. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. ती दाखवली असती तर सर खोटे पडले असते. दुसरं कारण नाही.

दोन दिवसांत पत्र आलं, प्रशिक्षण तात्काळ समाप्त. सहा महिने पुरे व्हायला वीस-बावीस दिवस राहिले होते.

तिचे वडील आले. फडातून उठून तसेच, अंगावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. डॉक्टर बैठकीला गेले होते, म्हणून ते माझ्यासमोर उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“सायेब, ती म्हनती माजीच चूक हाय. आसंल. पर वीस दिस राहिल्यात. तेवढं पुरं करू द्या. पगार नगं, काय नगं. वाटलं तर झाडलोटीला ठिवा, पर कागुद मिळू द्या तिला.”

“वरून आदेश आहे,” मी म्हटलं.

“तुमी सांगून बगा की. ती म्हनती सर लई चांगलं हायेत.”

“माझ्या हातात काही नाही हो.”

त्यांनी डोक्याचं मुंडासं सारखं केलं. मग म्हणाले, “तिला पावनं बगाया येत्यात. कागुद आसता तर म्या थांबलो आसतो. आता कोयता तरी पुरा हुईल कुनाचा.” नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात. बायकोशिवाय कोयता अर्धा. एवढं बोलून ते मला नमस्कार करून गेले. त्या नमस्काराचं काय करावं हे मला अजून समजलेलं नाही.

पुढे काष्टीच्या मुलाला प्रमाणपत्र मिळालं. तो परीक्षा पास झाला. दोन वर्षं जाहिरातींची वाट बघितली. एक निघाली ती स्थगित झाली, दुसरीत अनुभव कमी पडला, तिसऱ्या ठिकाणी कंत्राटदाराने फोन उचलणं बंद केलं. आता तो नागापूरला एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला आहे. मला अधूनमधून फोन करतो. “सर, सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलंय. भिंतीवर छान दिसतं. आई पाहुण्यांना दाखवते.”

त्याच्या या गोष्टीचा मी पुष्कळ दिवस आधार घेतला. मनात म्हणायचो, तिलाही कागद मिळून काय मिळालं असतं? त्याला तरी काय मिळालं? सगळ्याच मुलांचं असं चाललंय. सहा महिने राबवून घ्यायचं, टाळ्या वाजवायच्या, घरी पाठवायचं. हे खरंच आहे. पण तो जाहिरातींची वाट बघत थकला, आणि तिला वाट बघण्याच्या रांगेतही मी उभं राहू दिलं नाही. या दोन गोष्टी एक नाहीत. मी त्या एक करून झोपत होतो.

मागच्या वर्षी मी नगरला खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन एक अर्ज दिला. खरं काय झालं ते दोन पानांत लिहिलं, पावडरीसकट. तिथल्या क्लार्कने वाचला, पुन्हा घडी घातली. तरुण होता, स्वभावाने चांगला. म्हणाला, “आजोबा, ही चौकशी बंद झालीय. फाइल कुठे असेल तेही सांगता येत नाही. आणि ती संस्थाही आता नाही. तुम्ही हे कशाला उकरून काढताय? पेन्शनला त्रास होईल उगाच.” त्याने अर्ज परत दिला. मी घेतला.

मग काष्टीच्या मुलाने फोनवर सांगितलं की ती यंदा काष्टीतच आहे, गावाबाहेर फड चालू आहे. बायको म्हणाली, “जाऊन या एकदाचे. बोलून मोकळे व्हा.” मोकळं व्हायला मी जात होतो, हेही चुकीचंच. पण गेलो.

दुपारची वेळ. तोडलेल्या उसाच्या मोळ्या ट्रॅक्टरमध्ये भरणं चाललं होतं. ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढत होती. मी ओळखलं नाही, तिनेच ओळखलं. मोळी टाकून ती खाली उतरली, पदराने तोंड पुसलं.

“सर! तुमी? हिकडं कसं काय?”

पाठोपाठ नवरा आला. ती त्याला म्हणाली, “ह्ये माजं सर. म्या सांगितलं न्हवतं का? ह्यांनीच शिकवलं मला सगळं.” नवऱ्याने वाकून पाया पडायचा प्रयत्न केला. मी मागे सरकलो.

बांधावर बसलो. चहा कुठून आणू म्हणून ती हळहळत होती. माझे गुडघे कसे आहेत, माझ्या बायकोची शुगर कशी आहे, सगळं तिने विचारलं. फडावरच्या कुठल्या बाईला कितवा महिना आहे हे तिला अजूनही पाठ होतं. सरकारी दवाखाना इथून किती लांब आहे, हेही तिने न विचारता सांगितलं.

बसमध्ये मी वाक्य जुळवून आणलं होतं. लहान होतं. खोटं तू लिहिलं नाहीस, मी लिहून घेतलं, आणि नंतर गप्प बसलो. मला माफ कर. एवढंच. तोंड उघडलं, तेवढ्यात मुकादमाने पलीकडून हाक मारली, “ए, गप्पा मारायला आलीस का? ट्रॅक्टर उभा हाय!”

ती उठली. जाता जाता थांबून मला म्हणाली, “सर, येक इचारू? आजून वय बसंल का वं माजं? येखांदी जाहिरात निगाली, तर?”

कोर्स तिचा अपुरा, संस्था बंद, कागद नाही. वयाचा प्रश्न फार पुढचा होता. हे तिला सांगायचं तर कागद का नाही तेही सांगावं लागलं असतं, आणि मी त्यासाठीच तिथे गेलो होतो.

“बसेल की,” मी म्हटलं. “बसेल अजून.”

तिचा चेहरा उजळला. ती फळीकडे निघून गेली, आणि माफीचं ते वाक्य तसंच तोंडात धरून मी काष्टीच्या स्टँडकडे चालायला लागलो.